डीप फ्रीझरचं दुखणं

४ मार्च, सोमवार

फ्रीझर ढिम्म! दुकानाचं शटर वर केलं तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं — नेहमीची घरघर नाही. दिवाही नाही. झाकण उघडलं तर आत सगळा लगदा. स्ट्रॉबेरी व्हॅनिलात, व्हॅनिला चॉकलेटात. एवढं घोटलेलं आइस्क्रीम मातीमोल!

त्याच सॉकेटला टेबलफॅन लावून पाहिला. गरगर फिरला. म्हणजे वीज आहे, दुखणं फ्रीझरचंच. जे थोडं घट्ट होतं ते वन्संच्या घरी पोचवलं. "आता माझ्या फ्रिजात पाण्याची बाटलीसुद्धा मावत नाही," इति वन्सं.

हे मात्र खुर्चीत बसून पेपर वाचत होते. "जुना झालाय गं. किती रेटायचा?"

५ मार्च, मंगळवार

प्लग उघडला. आतली तार सुटली असेल असं वाटलं — नव्हती. फ्यूज बदलला. काही नाही. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. पाठ तर कालच गेलीय. फ्रीझर भिंतीपासून ओढायला ह्यांना हाक मारली तर म्हणे, "फ्रिजवाला बघेल."

झाकणाचं रबर फाटलं तेव्हा सायकलची ट्यूब कापून लावणारा हाच माणूस! स्क्रूड्रायव्हर कायम खिशात. आणि आता "फ्रिजवाला बघेल."

आजारातून उठल्यापासून हे असेच. ताप गेला, अंगात बळ आलं, पण मन कशात नाही. परवा पलीकडच्या शाळेतल्या बाई लेकीच्या वाढदिवसाचं आइस्क्रीम परत घेऊन आल्या. "गोडमिट्ट झालंय हो, पोरांनी तोंडसुद्धा लावलं नाही." हे त्यांच्यावर खेकसले! गिऱ्हाइकावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता.

६ मार्च, बुधवार

फ्रिजवाला आला नाही. उद्या येतो म्हणाला. ह्याचा उद्या कधी उजाडतो कोण जाणे.

८ मार्च, शुक्रवार

आला एकदाचा. हे दूध आणायला गेले होते. आम्ही दोघांनीच फ्रीझर ओढला. त्याने मागचा पत्रा उघडला आणि डोकं खाजवत बसला.

"वहिनी, थर्मोस्टॅटची वायर कुठंय?"

"मला काय विचारता?"

"जळली असती तर काळं पडलं असतं. उंदरानं कुरतडली असती तर तुकडे सापडले असते. ही कुणीतरी स्क्रू सोडवून काढलीय. आणि स्क्रू परत नीट बसवलेत!"

इतकी टापटीप आमच्याकडे एकाच माणसाची.

त्याने नवी वायर जोडली. फ्रीझर खोकला, थरथरला आणि घरघरायला लागला. मी म्हटलं, बंद करा. तो बघतच राहिला. कुणाजवळ बोलू नका, एवढंच सांगितलं.

९ मार्च, शनिवार

काल जेवताना मुद्दाम म्हटलं, "फ्रिजवाला म्हणतो, आता काही होणार नाही. भंगारात द्या." म्हटलं आणि चेहऱ्याकडे बघत राहिले. खांदेच सैल पडले ह्यांचे! परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखे.

कशापासून सुटले? दुकानापासून? की माझ्यापासून? लग्न झाल्यापासून एका पातेल्याशी दोघं उभे आहोत. हे चमचा जिभेला लावणार, डोळे मिटणार, "अजून चिमूटभर" म्हणणार — की मी साखर घालणार. ह्यांनी मान हलवल्याशिवाय एक डबा भरला नाही मी. कंटाळा आला तर सांगायचं ना! मी काय थकले नाही? मीही म्हटलं असतं, चला, लावू कुलूप. चोरासारखी वायर कशाला काढायची?

भांडायचंही त्राण नाही. उद्या विचारते.

१० मार्च, रविवार

झोप धड नाही, त्यात डबे सारखे — चहात साखरेऐवजी मीठ पडलं माझ्याकडून. पहिल्याच घोटाला थुंकले. समोर ह्यांचा अर्धा कप संपलेला! "चहा छान झालाय," म्हणाले.

कप हातातून काढून घेतला. "कधीपासून?"

म्हणाले, "तापापासून. कशालाच चव नाही गं."