पहाटे ट्रक चालू होत नाही

वाटूर
७ डिसेंबर २०२५

ती. आप्पांस,
भावनाचा सप्रेम जय भीम. आम्ही मायलेकी ठीक आहोत. तुमच्या कानांचं काय झालं ते कळवा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि दादा मध्ये बसून सांगतो ते मला पटत नाही, म्हणून हे पत्र. माझी चार वाक्यं तो तुम्हाला एका वाक्यात सांगतो, आणि ते एकही त्याचं स्वतःचंच असतं.

आप्पा, ट्रक पहाटे चालू होत नाही. थंडी पडल्यापासून हेच चाललंय. सेल्फ बराबर फिरतो, मागून पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही. उन्हं वर आली की मुकाट्यानं चालू होतो. पण मोसंबीचा लिलाव काही माझ्यासाठी दुपारपर्यंत थांबत नाही. परवा रामरावकाकांच्या मळ्यात चौघांनी धक्का मारला तेव्हा निघाला. काका म्हणाले, पोरी, तू आमचा माल न्यायला आलीस का आमच्याकडून ट्रक ढकलून घ्यायला? सगळे हसले, मीही हसले, पण पुढची खेप त्यांनी दुसऱ्या गाडीला दिली. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. पहाटे उठते, किल्ली फिरवून बघते, परत येऊन बसते, परत जाते.

तुम्ही सांगायचात की थंडीत डिझेलला आधी ऊब लागते आणि ती हे चार हीटर प्लग देतात. तेच गेले असतील का? तपासायचे कसे, ते नीट लिहा. मंठ्याचा मेकॅनिक म्हणतो की गाडी म्हातारी झाली, सोडून द्या. दादाचंही तेच. रविवारी, २८ तारखेला, जालन्याचा भंगारवाला घरी येणार आहे असं त्यानं कळवलंय. हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आईचं म्हणाल तर ती ट्रकवर खूश आहे. यंदा धम्मचक्र दिनाला नागपूरला जायच्या आधी तुम्ही नव्हतात, तर बॉडीबरोबर तुमच्या वाटणीचं इंजिनसुद्धा तिनंच रंगवलं. नटबोल्ट खोलून, सगळं सुटं करून, पाठीपोटी दोन-दोन हात चंदेरी रंग दिला. बोनेट उघडलं की डोळे दिपतात. निदान दिसायला तरी गाडी नवी आहे.

कळावे. लोभ असू द्या, बॅटरीसारखा उतरू देऊ नका.
तुमची,
भावना


पुणे
१२ डिसेंबर २०२५

चि. भावनास,
जय भीम आणि आशीर्वाद. कानात मशीन बसवलं. त्यात माणसाचं बोलणं येत नाही, नुसती शिट्टी येते. डॉक्टर म्हणतात सवय होईल. मला सवय करायची नाही.

पांढरा धूर म्हणजे डिझेल येतंय पण जळत नाही. तेव्हा संशय हीटरवरच. आता सांगतो तसं कर. चारी प्लगांच्या डोक्यांवरून एक पट्टी जाते, ती खोलून बाजूला ठेव. बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला लाव आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला टेकव. बल्ब पेटला तर प्लग जिवंत, नाही पेटला तर मेला. मग हीटरची किल्ली फिरवून पट्टीकडे येणाऱ्या वायरीत करंट आहे का तेही त्याच बल्बनं बघ. घाई करू नकोस. तू तुझ्या आजीवर गेलीस, तिला भाकर तव्यावर टाकायच्या आधीच भाजलेली हवी असायची.

भंगारवाल्याचं मला ठाऊक आहे. तुझ्या दादाला, धम्मपालला, मी शब्द दिलाय. त्या दिवशी पहाटे ट्रक धक्क्याशिवाय, स्वतःच्या सेल्फवर चालू झाला तर राहील, नाही तर जाईल. ट्रक गेला तर तुम्ही दोघींनी इकडंच यावं असं त्याचं म्हणणं आहे. तुला ऑफिसात काम बघतो म्हणाला. मुलगा वाईट बोलत नाही.

इथं माझा वेळ जात नाही. गॅलरीतून दारापर्यंत आणि दारापासून गॅलरीपर्यंत फिरतो. सूनबाई कपड्यांचं मशीन लावते तेव्हा त्यावर हात ठेवून उभा राहतो. थरथर हाताला लागते, बरं वाटतं. तिला वाटतं मला चक्कर येते.

लोभ आहेच. पाना वापरून झाला की जागेवर ठेवत जा.
तुझा,
आप्पा


वाटूर
१७ डिसेंबर २०२५

ती. आप्पांस,
सप्रेम जय भीम. तुम्ही लिहिलंत तसंच्या तसं केलं. चारी प्लगांवर बल्ब पेटला. वायरीतही करंट आहे. म्हणजे प्लग चांगले, वायर चांगली, बॅटरी चांगली. सगळं पुन्हा जोडलं आणि पहाटे किल्ली फिरवली. पुन्हा तोच पांढरा धूर. मग चिडून मंठ्याहून नवे प्लग आणून बसवले, तरी तेच. आता तुम्हीच सांगा, एकेकटं सगळं चांगलं असताना एकत्र केलं की का बिघडतं?

शेजारच्या द्वारकाबाईंनी सल्ला दिला की गाडीला दृष्ट लागलीय, लिंबू-मिरची बांध. आई त्यांना म्हणाली, लिंबू द्या, सरबत करते, पण गाडीला आमच्यात काही बांधत न्हाईत. त्या रुसून गेल्या.

पण मला खरं तर तुमचाच राग आलाय. लहानपणी मला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला लावलंत. लायसन काढलं तेव्हा गावभर पेढे वाटलेत. सर्जेरावाची पोरगी ट्रक चालवते म्हणून मिशीला पीळ दिलात. आणि आता एका शब्दात भंगारात? माझ्या हातातून हा ट्रक गेला तर मी ऑफिसात बसून काय करू, कागदांना गिअर टाकू? तुम्हाला विकायचाच असेल तर सरळ लिहा. उगाच मला बल्ब लावत बसवू नका.

काल शेवटचा उपाय म्हणून ती पट्टी पुन्हा खोलून फडक्यानं पुसली. आईच्या रंगानं इतकी चंदेरी झालीय की तोंड बघावं. पुसून तशीच बसवली. काही फरक नाही.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही. तरी असावा.
भावना


पुणे
२२ डिसेंबर २०२५

चि. भावनास,
आशीर्वाद. पत्र पोचल्याबरोबर पट्टी खोल. ती पट्टी पितळेची आहे. चंदेरी नाही, पिवळी. तिच्यावर रंग नको, वार्निश नको, काही नको. पितळ उघडं असेल तरच करंट प्लगात उतरतो. दोन हात ऑइल पेंटवरून तो कसा उतरणार? मी मूर्ख, पहिल्या पत्रात तू पाठीपोटी रंग लिहिलंस तिथंच कळायला हवं होतं. पॉलिश पेपरनं घास, भोकाच्या आतूनही घास, आणि मग बघ.

आईला मात्र यातलं काही सांगू नकोस. तिनं मायेनं रंगवलंय. कळलं तर जेवायची नाही.

तू सरळ लिहा म्हणालीस म्हणून लिहितो. भंगारवाला धम्मपालनं नाही शोधला, मीच शोधायला लावला. पोरी, मला इंजिन ऐकू येत नाही. शेवटच्या खेपेला वाटूरहून जालन्याला गेलो तेव्हा मी तिसऱ्या गिअरमध्ये आहे का चौथ्यात, ते कळेना. मागून हॉर्न देणारा माणूस पुढं येऊन शिव्या देऊन गेला, तेव्हा त्याचे नुसते ओठ हलताना दिसले. घरी कुणाला बोललो नाही. दारात ट्रक उभा राहणार, तू त्यात बसून जाणार, आणि मी ओट्यावर मुका सिनेमा बघत बसणार, हे मला सोसायचं नाही. म्हणून म्हटलं, ट्रकच नको. यात तुझा काही दोष नाही, माझ्याच मनाचा खोटेपणा आहे. आता रविवारी जे होईल ते होईल.

लोभ ठेव, जमला तर.
आप्पा


वाटूर
२८ डिसेंबर २०२५, रविवार

भावनाच्या आप्पांस,
गिरिजाचा जय भीम. पोष्टमननं काल पत्र माझ्याच हातात दिलं. भावना रामरावांच्या मळ्यात गेल्ती, खेप परत द्या म्हणून विनवायला. पाकिटावर तुमचं अक्षर, मंग मी फोडणारच. आईला सांगू नको, हे वाचलं. सांगितलं न्हाई कुणी. तुम्हीच सांगितलं.

जेवले मी. दोन भाकरी खाल्ल्या आणि मंग पट्टी घासायला बसले. पॉलिश पेपर संपला तर फरशीवर घासली. रंग मी चांगला दिल्ता, जल्दी निघत नव्हता. इंजिन तुमच्याकडं आणि बॉडी माझ्याकडं, ही वाटणी इतकी वर्षं होती. तुम्ही पुण्याला गेलात, मला वाटलं परत येऊन बोनेट उघडतील तर लख्ख दिसावं. म्हणून केलं. आता पट्टी तेवढी पिवळी, बाकी सगळं चंदेरी आहे. ते मी खरडणार न्हाई.

भंगारवाला आज पहाटे धुक्यातच आला. ट्रकभोवती फिरला, टायरला लाथ मारली. भावनाला राग आल्ता, मी तिला म्हणलं, आधी किल्ली फिरव. हीटरचा दिवा लागला, आम्ही विझेपर्यंत थांबलो. दिवा विझला आणि तिनं सेल्फ मारला. पहिल्याच फेऱ्यात इंजिन पकडलं. धूर न्हाई, धक्का न्हाई. पोरगी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. भंगारवाल्याला च्या पाजला आणि वाटेला लावला. धम्मपालला फोन करून सांगितलं, तुझ्या बापाचा शब्द पाळला गेला. तो म्हणला, मला काय, आप्पाच मागं लागले होते.

आता तुमचं. इंजिन ऐकू येत न्हाई म्हणून गाडी भंगारात घालता. मंग माझाबी आवाज तुम्हाला वर्षापासून ऐकू येत न्हाई. मला कुणाला देता? तीन वेळा हाक मारते, चौथ्यांदा खांद्याला हात लावते, तेव्हा तुम्ही वळता. मी कधी म्हणलं का, आता हा माणूस नको?

शिट्टीचं मशीन तिथंच ठेवा, न्हाईतर घेऊन या, पण या. बाजूची शीट तुमची. पोरगी एकटी पहाटे जाते तर शेजारी कुणी असलेलं बरं असतं, त्याला कान लागत न्हाईत. रामरावांनी खेप परत दिली आहे. आगगाडीतून उतराल तेव्हा भावना जालन्याच्या ठेसनाबाहेर ट्रक घेऊन उभी असेल. इंजिन बंद करू नको म्हणून मी तिला सांगितलंय. आधी बोनेटवर हात ठेवा, मंग बसा.

लोभाचं मी काय लिहू, तो असतोच.
गिरिजा