दीड मिनिटाची चाल

बाबा, आज मुलगा मोबाईलवर गेम खेळत होता. त्यात एकच धून वाजत राहते. गडी चालत असला की संथ, शत्रू दिसला की तीच धून पळत सुटते, आणि गडी मेला की एका बोटानं पेटी वाजवावी तशी केविलवाणी. मुलगा म्हणाला, "पप्पा, गाणं एकच आहे, व्हर्जन वेगळे." आणि मला एकदम तुमचाच राग आला. इतक्या वर्षांनी, अमरावतीच्या या घरात, हातातला चहा निवत असताना.

तुमच्या त्या खंजिरी भजनाची मूळ चाल माझी होती, तुम्ही माझ्या गळ्यासाठी बांधलेली. नऊ मिनिटांची. अकोल्याच्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीच्या उबेला पेटी घेऊन बसला आहात आणि मला दटावता आहात, "घाई नको करू. गाणं का पळून चाललं?" त्या वर्षांत आपल्या मंडळाला लग्नापेक्षा तेरवीचीच बोलावणी जास्त यायची. ज्या घरचा कर्ता माणूस कर्जापायी असा अवेळी गेला, तिथल्या अंगणात नऊ मिनिटं कोणाला जास्त वाटत नसत. मी गायचो, तुम्ही डोळे मिटून मान हलवायचात. तेवढ्यावर माझं पोट भरायचं.

मग शेजारच्या शिंपी चाचांची मुलगी तुमच्याकडे शिकायला लागली आणि दोन वर्षांत टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत निवडली गेली. लोकगीताच्या फेरीला दीड मिनिट मिळणार होतं. तुम्ही माझी चाल घेतली आणि तिच्यासाठी कापायला बसलात. मी अमरावतीच्या नोकरीवरून शनिवारी घरी यायचो, तर तुम्ही दोघं पेटीवर. दोन अंतरे गेले, ठेका दुप्पट झाला, आणि शेवटची ओळ तुम्ही इतकी वर नेलीत की माझा गळा तिथं जन्मात पोचला नसता. न राहवून मी विचारलं, "बाबा, हे मले काहून नाही शिकवलं?"

भाता न थांबवता तुम्ही म्हणालात, "तुले तुया गळ्याच्या मापाचं देलं. हे तिच्या मापाचं हाय."

दारात उभे असलेले चाचा खुश झाले. "गुरुजी, ये तो मेरे धंदे की बात हो गई!" सगळे हसले. मीही हसलो. आतून नुसता जळत होतो.

कार्यक्रम लागणार होता त्या संध्याकाळी अकोल्यात आपल्या भागात लोडशेडिंग होतं. तुम्ही मला आदल्या दिवशीच फोन केलात. "तुयाकडे लाईट राह्यते. टेप करून घे, रविवारी घेऊन ये." मी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला, कोरी कॅसेट घातली. ती उभी राहिली, वाद्यं सुरू झाली, आणि मी बटण दाबलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुमचा फोन. "शेवटच्या ओळीले सूर लागला का रे?"

"इथंही लाईट गेली होती, बाबा."

तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. पोरगी सांगनच फोनवर, पण गाणाऱ्याले आपलं आपल्याले समजत नाही. तुया कानावर माया भरोसा होता." आयुष्यभर जे ऐकायला मी धडपडत होतो, ते तुम्ही असं, फोनवर, जाता जाता बोलून गेलात. त्याच महिन्यात तुम्ही गेलात. स्पर्धेत अडकलेल्या तिला तोवर फोनही करता आला नाही; ती मुंबईहून आली ती थेट तुमच्या तेरवीला.

लाईट होती, बाबा. सूर लागला होता, अगदी नेमका लागला होता. ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही मला राग आला होता.

तेरवीच्या दिवशी तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, गुरुजींनी ऐकलं का?" मी म्हणालो, "टेप ऐकवली. काही बोलले नाहीत." तिचा चेहरा उतरला, आणि मला बरं वाटलं. ती अजून गाते. दर दिवाळीला फोन करते, मला दादाच म्हणते. दरवेळी ठरवतो की आज खरं सांगून टाकायचं, आणि दरवेळी फराळाचं बोलून फोन ठेवतो. अजून जळतो मी, बाबा.