पातीचं चीज

चि. धाकटीस,

सप्रेम आशीर्वाद. (‘सप्रेम’ हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होतो, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून राहू दिलं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? साडूंचं कानातलं यंत्र आलं का, की अजून तू प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतेस आणि ते एकदाही ऐकत नाहीत? माझी प्रकृती ठीक. वजन एकसष्ट किलो चारशे ग्रॅम, घरच्या काट्यावर, कपड्यांसह. तुझी ताई गेल्याला परवा चार महिने झाले. या चार महिन्यांत आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. मी मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे हे अबोला म्हणून चाललं आहे हे कळायला मला दोन महिने लागले.

पत्राचं कारण शास्त्रीय आहे. ताई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात, पाच-सहा माणसांसमोर तू मला म्हणालीस, “भाऊजी, गवत चारलंत तुम्ही माझ्या बहिणीला, गवत!” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं उशिरा सुचतात. आता सुचलं आहे. कांद्याची पात हे गवत नाही. वनस्पतिशास्त्राप्रमाणेही नाही आणि बाजारभावाप्रमाणेही नाही.

मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासले. तराजूला मेहुणी नसते, तो कोणाची बाजू घेत नाही. म्हणून तू द्या म्हणायचीस त्या चीजचा आणि माझ्या पातीचा तक्ताच देतो. शंभर ग्रॅम चीजमध्ये सुमारे चारशे कॅलरी, तेहतीस ग्रॅम चरबी आणि मीठ इतकं की वेगळं सांगायला नको. शंभर ग्रॅम पातीत बत्तीस कॅलरी, चरबी नावाला, चोथा अडीच ग्रॅम. क जीवनसत्त्व पातीत एकोणीस मिलिग्रॅम, चीजमध्ये शून्य. (शून्य म्हणजे शून्य. दोनदा तपासलं.) प्रामाणिकपणाने हेही लिहितो की प्रथिनं चीजमध्ये चोवीस ग्रॅम आणि पातीत पावणेदोन आहेत, आणि कॅल्शियम चीजमध्ये दसपट आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण डॉक्टर सुरुवातीलाच म्हणाले होते, मीठ आणि चरबी जपा, हिरवं द्या. मी ते कागदावर लिहून घेतलं आणि त्याखाली त्यांची सहीही घेतली. पुढे दुखण्याच्या पाचव्या महिन्यात, तुझ्या ताईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा, तेच डॉक्टर म्हणाले, “आता त्या जे खातील ते द्या.” मी विचारलं, किती ग्रॅम? ते पुढच्या खाटेकडे गेले. ‘जे खातील ते’ हे माप कुठल्याच कोष्टकात बसत नाही. मी सहीच्या कागदावर कायम राहिलो.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. तिने माझ्याकडे चीज एकदाच मागितलं होतं. “एक तुकडा आणाल का हो?” एवढंच. मी तिला तक्ता वाचून दाखवला. सगळा. ती शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, “बरं.” तुझ्या ताईचं ‘बरं’ तुला लहानपणापासून कळायचं. मला बेचाळीस वर्षांत कळलं नाही. मला वाटायचं, बरं म्हणजे बरं.

पात मी विकतची आणत नव्हतो, हेही नोंदवून ठेव. गॅलरीत तेलाच्या सहा डब्यांत कांदे लावले होते. सकाळी कापायची, धुवायची, बोटाच्या पेराएवढी चिरायची, जरा वाफवायची, वर लिंबू, आणि चाळीस ग्रॅम मोजून चपट्या डब्यात. लिफ्टमध्ये लोक माझ्यापासून लांब उभे राहायचे. एकदा तर एक गृहस्थ तिसऱ्या मजल्याऐवजी पहिल्यावरच उतरले आणि जिन्याने वर आले. (मला भेटले वर. आम्ही दोघांनीही ओळख दाखवली नाही.) शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी वासाची तक्रार केली तेव्हा नर्स मला म्हणाली, “आजोबा, वॉर्ड आहे हा, मंडई नाही.” मी तिलाही तक्ता दाखवला. तिने तो उलटा धरून वाचला आणि परत दिला. दोन वाजता माझी पाळी संपायची आणि तुझी सुरू व्हायची. आपण जिन्यात भेटायचो. मी म्हणायचो, “डबा उशाशी आहे,” तू म्हणायचीस, “हो, देते.” आणि दुसऱ्या दिवशी डबा रिकामा, घासून-पुसून ठेवलेला असायचा. रोज. तुझ्या गवताच्या आरोपावर माझा सगळा बचाव त्या रिकाम्या डब्यावर उभा होता. आवडत नसतं तर माणूस रोज डबा संपवेल का?

तर हा वाद लेखी मिटवावा म्हणून गेल्या सोमवारी मी त्याच दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. रांगेत सतरावा नंबर, पुढे-मागे सगळ्या गरोदर बायका. मी तक्ता काढून ठेवला. बाईंनी विचारलं, “पेशंट कुठे आहेत?” मी म्हटलं, नाहीत. “बाहेर बसलेत का?” मी म्हटलं, नाहीत म्हणजे नाहीत. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. वयाने आपल्या कोणाच्याही मुलीएवढ्या असतील. म्हणाल्या, “काका, शंभर ग्रॅम पात कोण खातं? आणि शंभर ग्रॅम चीज तरी कोण खातं?” मी म्हटलं, तुलनेसाठी माप समान लागतं. त्या म्हणाल्या, “ते खरंय. पण चीजचा एक तुकडा घ्यायचा आणि त्यावर पात बारीक चिरून घालायची. छान लागतं. त्यात भांडायचं काय?” धाकटे, सात महिने तू एका बाजूला आणि मी एका बाजूला, दोघंही शिकलेले, आणि हे आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. बाईंनी फी घेतली नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

बाहेर आलो तर व्हरांड्यात तुझ्या ताईच्या वॉर्डातली आया भेटली, ती उंच, पान खाणारी. मला बघून तिला मनापासून आनंद झाला. (त्या इमारतीत मला बघून आनंद झालेली ती पहिलीच व्यक्ती.) म्हणाली, “साहेब, तुमच्या पातीची चव अजून तोंडात आहे हो! आमच्या घरी सगळे विचारतात, ते पातवाले साहेब येत नाहीत का आता?” मला समजेना. तेव्हा तिने सगळं सांगितलं, अगदी खुशीत. की रोज दोन वाजता मी जिना उतरलो की ताई तुला म्हणायची, “धाकटे, यांच्या पातीचं चीज कर.” की मग तू डबा आयाला द्यायचीस आणि पिशवीतून चीजचं निळं पाकीट काढायचीस. की तुम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचात. आया सांगता सांगता पुन्हा हसली. मी पण हसलो, नाहीतर तिला वाईट वाटलं असतं.

म्हणजे सात महिने मी त्या आयाच्या घराला क जीवनसत्त्व पुरवलं. त्यांची तब्येत उत्तम आहे, असं ती म्हणाली. तक्ता खरा ठरला.

तुला राग आला असेल, आला नसेल, मला कल्पना नाही. माझ्या बाजूने वाद संपला आहे. तू मला फसवलंस, ते बरं केलंस. ती काहीतरी खात होती. पण मग व्हरांड्यात गवत म्हणालीस ते का? तिने तर एक काडीही खाल्ली नव्हती, आणि हे त्या पाच-सहा माणसांत फक्त तुला माहीत होतं. असो. साडूंना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा भाऊजी
(अजून म्हणत असशील तर)

ता.क. वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. ते वाक्य मी आठवडाभर मनात घोळवतो आहे. ‘यांच्या पातीचं चीज कर.’ म्हणजे पात घे आणि चीज दे, हा एक अर्थ झाला. पण कष्टाचं चीज करतात, तसाही तो शब्द आहे. तिने डबा कचऱ्यात टाकायला नाही सांगितला, कोणाच्या तरी तोंडी पडू दिला. ती शब्दांची हुशार, मी नाही. आया परकी, तिला फक्त हसणं ऐकू आलं. ताई ते म्हणायची तेव्हा कशी म्हणायची, तेवढं कळव. नुसतीच चेष्टा असेल तरी तसं लिही. मी तक्ता वाचला तेव्हा तिने माझं ऐकून घेतलं होतं, मलाही ऐकून घेता येईल.

ता.क. दुसरा. निळं पाकीट मीही आणलं. दहा स्लाइस, दोनशे ग्रॅम असं छापलं आहे. घरच्या काट्यावर एकेक स्लाइस अठरा ग्रॅमच भरते, वीस नाही. म्हणजे तिला रोज दोन ग्रॅम कमी मिळालं. जुन्या खात्याकडे रीतसर तक्रार लिहायला घेतली आहे. नमुना म्हणून नऊ स्लाइस राखून ठेवल्या आहेत. दहावी मी खाल्ली. वर पात चिरून घातली होती.