आधी सॉफ्टवेअर ठरू दे

२ जानेवारी, सकाळ
यंदाचा संकल्प: घरातले सगळे जुने फोटो मार्गी लावायचे. स्कॅन करून झालेत, हार्ड डिस्कवर पडून आहेत. आता प्रत्येक चेहऱ्याला नाव द्यायचं. नावं आई सांगणार, कारण बाबा गेल्यापासून त्यातली निम्मी माणसं तिच्याशिवाय कुणालाच ओळखू येत नाहीत. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, तिच्या नजरेचा मधला भाग हळूहळू जातोय, चेहरे आधी दिसेनासे होतील. म्हणजे वेळ घालवून चालणार नाही. आजच सॉफ्टवेअरचा अभ्यास सुरू केला.

५ जानेवारी
दुपारी आई चष्मा पुसत आली, खुर्ची ओढून कॉम्प्युटरपाशी बसली. म्हणाली, चल, दाखव. मी तिला शांतपणे समजावलं की नाव फोटोच्या फाइलच्या आत लिहिलं गेलं पाहिजे. नुसतं सॉफ्टवेअरच्या पोटात राहिलं, तर उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं की नावंही गेली. पाया पक्का हवा. तिला पटलं असावं. उठून कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

१९ जानेवारी
तीन सॉफ्टवेअर पाहिली. पहिल्याला फोटोतल्या पडद्यांवरच्या फुलांतही माणसं दिसतात. दुसरं मराठी नावांच्या जागी चौकोन उमटवतं. तिसरं चांगलं आहे, म्हणूनच संशय येतो.
बायको म्हणाली, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि आईंना बोलू द्या. अर्धवट ज्ञान. आवाज फोटोला चिकटणार कसा? असो.

११ फेब्रुवारी
ऑफिसातून आलो तेव्हा डोकं उठलेलं. इंटरनेटवरच्या एका फोरमवर माझा प्रश्न टाकला होता, त्यावर उत्तरं देणाऱ्यांची आपसातच जुंपली आहे. सगळं वाचलं. खूप शिकायला मिळालं. ठरलं काहीच नाही.

१२ फेब्रुवारी
पाठ दुखते. सुट्टी.

८ मार्च, रविवार
तिसऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी. त्यासाठी खात्रीचा चेहरा हवा, म्हणून एका फोटोतला माझाच घेतला आणि नाव टाकलं. आई मागे येऊन उभी राहिली. त्या फोटोत कडेला उभी आहे ती माझी मैत्रीण, तिचं सांगू का, असं विचारत होती. म्हटलं, थांब, क्रम बिघडेल. पद्धत एकदा मोडली की मोडली.

४ एप्रिल
ताईचा फोन. आईला आता समोरच्याचा चेहरा बघायला मान वाकडी करावी लागते, हे तुझ्या लक्षात आलंय का, असं तिने विचारलं. आलंय की. म्हणून तर रोज ऑफिसनंतर बसतोय. ताईला तांत्रिक बाजू कळत नाही, आणि समजून घ्यायचीही नाही. फोन ठेवून फोल्डरांची नावं सुधारली.

१७ मे
ठरलं! तिसरंच.
सगळ्या फोटोंवरून फिरवलं. ते दर चेहऱ्यापाशी विचारतं, ही तीच व्यक्ती आहे का? कंटाळा आला. शेवटी ‘सर्वांना होय’ दाबून चहा प्यायलो.
परत येऊन बघतो तर काय, माझे फोटोच फोटो. लहानपणचा, तरुणपणचा, मिशी ठेवलेला. मिशी कधी ठेवली होती ते आठवेना. कितीतरी कृष्णधवल. मला जन्मभर वाटत आलं की लाड ताईचेच झाले. इतके फोटो काढले होते माझे! भरून आलं.
नावं फाइलींच्या आत कायमची लिहून टाकली. घरातल्यांना आत्ताच सांगणार नाही.

३१ मे
आईला दाखवायचं होतं, पण ती पडून होती. पुढच्या रविवारी नक्की.

७ जून, रविवार
आज बसलो. आई, बायको, मी. पहिलाच फोटो आई-बाबांच्या लग्नाचा लावला, मोठा करून. आईने मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. कडेचे खांब दिसतात म्हणाली, मधे नुसतं धुरकट आहे. तूच नावं वाच.
वाचली. नवरीखाली नाव नव्हतं, पण ती आईच. शेजारी माझं नाव. मागच्या रांगेत माझं नाव. दाराशी उभे असलेले दोघे, तिथेही माझंच. बायको खिडकीकडे बघत होती.
आई म्हणाली, “माझ्या लग्नात तू होतास का रे?”
तिने ते रागाने विचारलं नाही. खरंच विचारलं. मला लाज वाटली. बाबा, काका, आजोबा, सगळे एका साच्यातले, आणि त्या यंत्राने सगळ्यांना माझ्यात ओतलं. हो म्हणणारा मीच.

७ जून, संध्याकाळ
प्रयत्न केला. मी एकेक माणूस बोलून दाखवला: उंच, मिशी, हात मागे. आई म्हणाली, तुझे मधले काका असतील. मग म्हणाली, नाहीतर त्यांचा तो मित्र, तोही उंच होता. चेहरा दिसला असता तर सांगितलं असतं. चार-पाच फोटोंनंतर दमली, आत जाऊन पडली.
बाबा तेवढे मी ओळखले आणि दुरुस्त केले. बाकीच्यांना काय नाव द्यायचं, हे आता विचारणार कुणाला? तोवर प्रत्येकाच्या चेहऱ्याखाली माझंच नाव आहे. फाइलच्या आत, अगदी पक्कं.