आत्यानं मांडवात काय मागितलं

नेयाफू, टोंगा
३ ऑगस्ट

ती. स्व. फिपेआत्यास,
लेसिएलीचा सा. न. वि. वि.

तू ऑकलंडहून पाठवलेली खारवलेल्या गोमांसाची बादली पोचली. ताईनं पाठवलंय म्हणत बाबा रोज खातात. एक तुकडा टाकू देत नाहीत. तुझा अपमान होईल म्हणे.

आत्या, रागावू नकोस, पण आता बादली नको. नर्सबाईंनी बाबांचा रक्तदाब मोजला, तो फार वर आहे. आजी याच दुखण्यानं गेली, तेच रक्त यांच्यात उतरलंय, त्यात पन्नाशी उलटली आणि साखरही वाढलेली, असं बाई म्हणाल्या. बाबा हसले. काही दुखत नाही तर गोळी कशाला, अजून कोनफळांचं पोतं एकटा उचलतो, म्हणाले.

भावाच्या अंगाविषयी बहिणीनं त्याच्याशी बोलायचं नसतं, ही आपली रीत मला कळते. पण तुझ्याशिवाय ते ऐकतात कुणाचं? नोव्हेंबरात माझं लग्न. चर्चमध्ये बाबांचाच हात धरून जायचंय गं मला.

माया असू दे.
तुझी लेसिएली

ऑकलंड
१९ ऑगस्ट

चि. लेसिएलीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझ्यावर चिडले, मग स्वतःवर. माया म्हणून मीठ पाठवत बसले मी! तुझा बाप लहानपणी नीरफणसावरून पडला तरी हसत उठला होता. पण आमची आईही शेवटपर्यंत हसतच होती. मीही तिचीच लेक, कित्येक वर्षं गोळी घेते.

तोंडावर बोलले तर तो शरमेनं मरेल. पण लग्नात आत्याला हवं ते मागता येतं आणि कुणाला नाही म्हणता येत नाही. काय मागायचं ते मी बघते. तुझ्या सासरच्यांना सांग, आत्या वजनदार आहे, तिला बसवायच्या मानाच्या चटया जाड अंथरा.

बापाला जप, मी आलेच.
फिपेआत्या

नेयाफू
१२ जानेवारी

ती. ताईस,
तेविताचा शि. सा. न. वि. वि.

लेसिएली सासरी सुखात आहे. कोनफळांचे वेल चांगले चढलेत.

गावात अजून तुझंच नाव निघतं. सगळ्यात मोठी चटई, केक, भाजलेलं डुक्कर, सगळं रीतीप्रमाणे तुझ्यापुढे मांडलं होतं. तू ते पोरीला देऊन टाकलंस आणि भर मांडवात म्हणालीस की या घरातून तुला फक्त भाऊ हवा. आजपासून तो तुझा आणि तुझ्या वस्तूची कुणी हेळसांड करायची नाही. बायका हसून हसून लोळल्या. मी मान खाली घातली, पण ताई, अभिमानानं छाती भरून आली होती. असं मागणं फक्त तुलाच सुचू जाणे.

ज्या गोष्टी आपण बोलत नाही त्या आजही बोलणार नाही. एवढंच कळवतो की तुझी वस्तू शाबूत आहे. रोज सकाळी गोळी घेते आणि अळणी जेवणाला शिव्या देत देत जेवते.

हक्क असाच राहू दे.
तुझाच,
तेविता