पांढऱ्या डब्यांची दोरी

मूल (जि. चंद्रपूर),
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६
दुपार

बाबा,

रंभाचा नमस्कार घ्या, आईलेही सांगा. बी.पी.ची गोळी चहाच्या आधी घ्यायची आहे, चहानंतर नाई. आईले विचारलं तर ती नुसतं "घेतात" म्हणते, म्हणजे तुमी घेत नसालच. गुडघ्याले तेल लावून राह्यले का? चंद्रपुरात थंडी कमी झाली. दवाखान्यात काम भरपूर आहे, पण या महिन्यात ड्युट्या बऱ्या लागल्या.

फोन सोडून पत्र काऊन, असं म्हणाल. फोनवर तुमी "हो, हो, बरं" करता अन् आईच्या हातात देऊन टाकता. पत्र मात्र तुमी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचता, लग्नपत्रिका असली तरी खालच्या छापखान्याच्या नावासकट. मूलले कशी काय पोहोचली तेही लिहिते. पण दमानं.

आधी चांगली बातमी. आज सकाळी नागभीडकडल्या तलावावर पोहण्याची शर्यत झाली. दोन किलोमीटर. मी पूर्ण केली, बाबा! सव्वा तासाची मुदत होती, मले एकाहत्तर मिनिटं लागली. बायांमध्ये माझा नंबर खालून चौथा. हसू नका. गळ्यात पदक आहे अन् ते मी अजून काढलं नाई, जेवतानाही नाई. वरणात बुडलं तेव्हा दीपिका हसून हसून लोळली.

दीपिका कोण, ते तुमाले माहीत आहेच. सांगते, सांगते.

मागच्या वर्षी मी तुमाले समजावलं होतं की मले ट्रायथलॉन करायचं आहे. आधी पोहायचं, मग तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, मग सायकल टाकून धावायचं. तुमी विचारलं होतं, "तुह्या मागं अस्वल लागलं का?" ते मी दवाखान्यात सांगितलं, तर आता सगळ्या सिस्टर मले अस्वलवाली म्हणतात. सायकल जमली. मूल रोडवर पहाटे जाते, ट्रकची धूळ खात. धावणंही जमून राह्यलं. छत्तिसाव्या वर्षी पोटऱ्या अशा झाल्या की आई पाहून दृष्ट काढेल. पोहणं तर येतच होतं, निदान मले तसं वाटे.

पण शहरातल्या स्विमिंग टँकमधलं पोहणं वेगळं. आमचे कोच प्रफुल सर काठावरून ओरडत, "रंभाताई, मान पाण्यात घाला! वर काय शोधून राह्यले?" आता त्यायले काय सांगू? तुमी मले सहा वर्षांची असताना पाठीले रिकामा डबा बांधून तलावात सोडलं, तेव्हा हात कसे मारायचे ते नंतर शिकवलं. आधी काय सांगितलं? "समोर पाहत जाय. कोणाचं जाळं ओलांडायचं नाई. वळसा घाल, कितीही मोठा पडो. अन् फसलीच तर हाक मार, जाळंवाला येऊन सोडवते. कापायचं नाई." धिवराच्या पोरीले हे बाराखडीच्या आधी येते. मान खाली घालून पोहायले मले तीन महिने लागले.

शर्यतीचं राह्यलंच. सकाळी सात वाजता सत्तर-ऐंशी लोक एकदमच पाण्यात. कोणाची लाथ, कोणाचं कोपर, माझा चष्मा एका डोळ्यावरून सरकला. पहिले पाचशे मीटर मी नुसती भेली होती. मग हळूहळू गर्दी पांगली, श्वास बसला, अन् पाणी आपलं वाटायले लागलं. ऊन आलं होतं. नारंगी फुग्यांना वळसा घालून परत यायचं होतं. मले इतकं बरं वाटून राह्यलं होतं की काय सांगू. वाटलं, बाबा काठावर पाहिजे होते.

परतताना शेवटच्या टप्प्यात आडवी दोरी होती. लहान पोरांच्या शर्यतीसाठी बांधलेली, तिले पांढरे प्लास्टिकचे डबे लावलेले. आमाले आधीच सांगून ठेवलं होतं की दोरीवरून सरळ या. सगळे सरळ गेले. मी दोरीपाशी पोहोचली अन् थांबली.

मले ओलांडता आली नाई, बाबा.

नावेतला जीवरक्षक ओरडून राह्यला, "मॅडम, सरळ! सरळ या!" मी त्याले म्हटलं, "जाळं आहे!" तो म्हणे, "जाळं कुठी आहे? नुसती दोरी आहे!" मलेही दिसत होतं की दोरी आहे. पण हात पुढं जाईनात. शेवटी मी दोरीच्या टोकापर्यंत गेली अन् वळसा घालून आली. दीडशे मीटर तिकडं, दीडशे मीटर इकडं. बाहेर आल्यावर प्रफुल सर कपाळाले हात लावून बसले होते. मी पदक गळ्यात घालून रडली. सगळ्यांले वाटलं आनंदानं रडून राह्यली. तोही होता. पण दुसरंही होतं, अन् ते लिहायलेच हे पत्र आहे. तीन पानं मी इकडचं तिकडचं लिहून टाळलं, आता नाई टाळत.

डिसेंबरात मी पाच दिवस गावाले आली होती, तलावात सराव करायले. चौथ्या दिवशी पहाटे तुमी म्हणाले, "बांधाच्या डाव्या अंगाले जाळं टाकलं आहे, उजव्या अंगानं जाय." मी हो म्हटलं. धुकं होतं. त्या दिवशी मले एक किलोमीटरची वेळ घ्यायची होती. मधात दिशा चुकली अन् समोर तुमच्या जाळ्याच्या तरंगत्या बाटल्या दिसल्या. तेव्हाही वळता आलं असतं. पण हातात घड्याळ होतं. वळसा घातला तर दोन मिनिटं जातील, वरूनच जाऊ, असा विचार मी केला. सहाव्या वर्षापासून जे कधी केलं नाई ते घड्याळासाठी केलं.

पाय फसला. सोडवायले गेली तर दुसराही फसला. नाकातोंडात पाणी गेलं. हाक मारायले पाहिजे होती, पण तोंड वर येईना. माझ्या कमरेले ती मागं तरंगणारी नारंगी हवेची पिशवी बांधलेली असते, तिच्यात मी पट्टी कापायची कैची ठेवते, नर्सची सवय. तिच्यानं मी तुमचं जाळं कापलं. दोन-तीन ठिकाणी नाई, जिथं हात पडला तिथं कापलं.

घरी आली, कपडे बदलले, चुलीपाशी चहा घेऊन बसली. तुमी जाळं घेऊन आले अन् म्हणाले, "हे माशानं नाई तोडलं, पाणमांजरानं नाई तोडलं. याले पातं लागलं आहे." मग मले विचारलं, "तू कोण्या अंगानं गेली होती?" मी म्हटलं, उजव्या. तुमी दुसऱ्यांदा विचारलं नाई. मी तुमच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, म्हणून तुमी लगेच मानलं. ते मले अजूनही टोचते.

त्याच्या आठ दिवसांआधी चैतूकाका तुमाले रागानं बोलले होते, "तिथी बारकी मासोळी वाढून राह्यली. तिथी जाळं टाकशील तर कापून फेकीन." मग तुमाले दुसरं कोण सुचणार? मच्छीमार संस्थेच्या सभेत तुमी सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेतलं. मी तेव्हा चंद्रपूरले परत आली होती. आईनं फोनवर सांगितलं की चैतूकाकांनी वल्हं तुमच्यासमोर ठेवलं अन् पोरीकडं, दीपिकाकडं मूलले निघून गेले. तीस वर्षं एका डोंग्यात बसणारे तुमी दोघं. एक वल्हवणार, एक जाळं सोडणार. मी तेव्हाच बोलायले पाहिजे होतं. रोज म्हणे, उद्या सांगीन. मग म्हणे, शर्यत झाल्यावर सांगीन. असे दोन महिने गेले.

गुरुवारी आईनं सांगितलं की तुमी एकटे डोंगा घेऊन गेले अन् तो कलंडला. अर्धा तास थंड पाण्यात होते. तुमी तिले म्हणाले, "रंभाले सांगू नको." सदुसष्ट वर्षांचा माणूस एकट्यानं वल्हवते अन् एकट्यानंच जाळं सोडते, तर दुसरं काय होणार? तो डोंगा मी कलंडवला, बाबा.

म्हणून आज शर्यत झाल्यावर मी सरांच्या गाडीतून चंद्रपूरले जाताना मूललेच उतरली. चैतूकाका अंगणात लाखोरीची डाळ निवडत बसले होते. मले पाहून म्हणाले, "ये. गळ्यात काय बांधून आणलं? बकरीले बांधतात तसं?" मी पायावर डोकं ठेवलं अन् एका दमात सगळं बोलून टाकलं. ते लाखोरीतले खडे वेचत राह्यले.

मग म्हणाले, "मले माहीत आहे."

"कसं?"

"मी बांधावर होतो ना. तुही ती नारंगी पिशवी धुक्यातही दिसे. तू फसली तेव्हा मी डोंगा पाण्यात सोडलाच होता. तेवढ्यात तू सुटली."

मी म्हटलं, "मग सभेत सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू? लटारूची पोरगी जाळं ओलांडते, वरून कापते, अन् बापासमोर खोटं बोलते? साऱ्या गावात? लटारू माह्याशिवाय राहील. तुह्या नावानं खाली मान घालून नाई राहू शकत."

मी तिथीच अंगणात बसून रडली, अगदी लहान पोरीसारखी. दीपिकानं पाणी आणून दिलं. काका रागावलेले आहेत, बाबा, ते लपवत नाई. माझ्यावर नाई. ते म्हणाले, "तीस वर्षं माह्या हाताले हात लावून जाळं ओढलं त्यानं. तो हात जाळं कापणार नाई, एवढंही त्याले समजू नये?" तुमच्या वतीनं माफी मागायचा मले हक्क नाई. माझी मी मागितली. त्यायनं डोक्यावर हात ठेवला अन् दीपिकाले म्हणाले, "इले जेवू घाल, पोहून पोहून वाळून गेली."

तुमची माफीही मागते. चुकून फसली हे खरं, पण ओलांडलं जाणून अन् खोटंही जाणून बोलली. तुमी मारलं नाई कधी, या वेळी मारलं तरी मी हात धरणार नाई. अन् एक सांगते, माफ करा, पण पोहणं मी सोडणार नाई. ट्रायथलॉनही करीन. आज पाण्यात जे वाटलं ते मले कुठंच वाटत नाई. ते तुमीच दिलेलं आहे.

एवढं लिहून मी दीपिकाले पाकीट मागितलं. चैतूकाका आत आले अन् विचारू लागले, कोणाले लिहून राह्यली? मी म्हटलं, बाबाले, उद्या पोस्टात टाकते. त्यायनं खुंटीवरची थैली काढली. मग म्हणाले, "पोस्टानं चार दिवस लागतील. चार दिवस तो एकटाच डोंगा काढणार. आण इकडे, मी नेतो." मी म्हटलं, काका, तुमाले तर राग आहे ना? म्हणे, "राग आहे तर काय त्याले बुडू देऊ?"

आता ते चपला घालून अंगणात उभे आहेत, चारची एस.टी. आहे. दीपिका त्यांच्या थैलीत स्वेटर कोंबून राह्यली. मीही आली असती, पण मले रात्रीची ड्युटी आहे, अन् मी मधात बसली तर तुमी दोघंही माझ्याशीच बोलत बसाल. मी शनिवारी येते. जे काही बोलायचं असेल ते तेव्हा बोला, मी ऐकीन.

म्हणजे बाबा, तुमी हे वाचून राह्यले तेव्हा चैतूकाका तुमच्या समोर उभे असतील. तुमी बसा म्हटल्याशिवाय ते बसणार नाईत. आता पत्र खाली ठेवा अन् वर पाहा.

तुमच्याशी एकदाच खोटं बोललेली,
तुमची पोरगी
रंभा