पुतणीची पेटी मी मोजणार नाही

मी, निवृत्ती सावळीराम पगारे, वय वर्षे एकाहत्तर, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी नोकरी व नंतर मोजमाप, राहणार सातपूर कॉलनी, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी माझी पत्नी सिंधुबाई हिला वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ हसत होती, हेही नमूद करतो. कोणाच्या भिडेखातर, धाकाने किंवा नशेत मी हे लिहीत नाही. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. सर्जन म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. ज्यांच्या खोक्यावर असंच काहीतरी छापलेलं असतं त्या वस्तू तपासण्यात माझा जन्म गेला, म्हणून आधीच लिहून ठेवलेलं बरं. यापूर्वीचे सगळे कच्चे मसुदे आजपासून रद्द समजावेत.

कलम १. सातपूर कॉलनीतलं राहतं घर मी स्वकष्टाने बांधलेलं आहे. ते माझ्या मागे सिंधुबाईचं, आणि तिच्या मागे आमचा मुलगा राकेश याचं. राकेश पुण्याला असतो आणि दर दिवाळीला येऊन, हे घर विका, तिकडे फ्लॅट घेऊ, असं सांगतो. त्याचा हेतू चांगला आहे. पण सिंधूला तिच्या मैत्रिणी, तिचं विहार आणि भाजीवालीशी घासाघीस हे सगळं इथेच लागतं. तिची इच्छा नसताना घर विकायचा विषय राकेशने काढू नये. काढला तर तिने त्याला उपाशी परत पाठवावं.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे काही आहे ते सगळं सिंधूचं. त्याचा हिशोब तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, म्हणून इथे मांडत बसत नाही.

कलम ३. मी नक्की काय करतो हे अजून राकेशच्या सासरीही कोणाला कळलेलं नाही, तेव्हा एकदाचं लिहितो. कारखान्याच्या कॅलिब्रेशन खोलीत, म्हणजे जिथे मापकांचीच मापं तपासतात तिथे, माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर मी मागच्या खोलीत टेबल मांडलं. अलीकडे ते दुसऱ्याच्या हाती दिलं, त्याबद्दल पुढे, पण काम असं. आजकालच्या फोनला हेडफोनचं भोक नसतं. असलं तरी चांगला हेडफोन त्याच्याने नीट हलत नाही. म्हणून लोक काडेपेटीएवढी एक पेटी घेतात. ती फोनमध्ये आकड्यांच्या रूपात साठवलेल्या गाण्याचा आवाज करते आणि तो आवाज हेडफोनला पेलेल इतका जोरकस करते. अशा पेट्या बनवणारे सगळेच आपल्या पेटीला सर्वोत्तम म्हणतात. मी ती टेबलावर घेतो, हेडफोनच्या जागी तेवढाच भार देणारा रेझिस्टर लावतो, ठरलेला स्वच्छ सूर आत सोडतो आणि बाहेर काय येतं ते ॲनालायझरवर, म्हणजे आवाजाचे घटक वेगळे दाखवणाऱ्या यंत्रावर, बघतो. आत न घातलेलं जे बाहेर येतं, ती पेटीची स्वतःची भर. ती जितकी कमी तितकी पेटी चांगली. निकाल मी माझ्या वेबसाइटवर टाकतो आणि देशभरातले लोक तो वाचून खरेदी करतात.

लोक विश्वास ठेवतात याचं कारण माझी हुशारी नव्हे. माझे नियम आहेत. पेटीवरचं नाव काळ्या टेपने झाकल्याशिवाय टेबलावर घ्यायची नाही. मोजून होईपर्यंत ऐकायची नाही. बनवणाऱ्याचा चहासुद्धा प्यायचा नाही. आणि नात्यातल्या, उपकारातल्या माणसाची वस्तू मोजायची नाही. शेवटचा नियम मला घरात फार महागात पडला, त्याबद्दल कलम पाचमध्ये.

कलम ४. आता सामान. एका व्यापाऱ्याने प्रेमाने दिलेली सोनेरी मुलाम्याची केबल कपाटात आहे. तिच्यातून गेलेला आवाज आणि साध्या केबलमधून गेलेला आवाज यांत ॲनालायझरला काही फरक सापडला नाही, आणि मी तसं छापल्यापासून त्या गृहस्थांनी मला ओळख दाखवलेली नाही. केबल मजबूत आहे. सिंधूने गच्चीवर कपडे वाळत घालायला बांधावी.

माझे सगळे हेडफोन राकेशला. त्याने एकदा तरी त्यातून काहीतरी पूर्ण ऐकावं, मध्ये फोन न उचलता.

सोल्डरिंगची हत्यारं, भिंगाचा दिवा, सुट्या भागांचे सगळे डबे आणि मागच्या खोलीची खिडकीकडची बाजू वापरायचा हक्क माझी पुतणी सृष्टी हिला. सृष्टी ही माझा धाकटा भाऊ दत्तू याची मुलगी.

ॲनालायझर, मीटर, रेझिस्टरचा संच, वेबसाइट आणि तिच्यावरचं माझं नाव हे मात्र सृष्टीला नाही. ते माझी जुनी सहकारी राखी केदारे हिला. कारखान्यात ती माझ्या शेजारच्या टेबलावर होती आणि माझी चूक माझ्या तोंडावर सांगायची तिला कधी भीती वाटली नाही. ही वाटणी करताना सिंधू माझ्याशी बोलायची बंद झाली होती. त्याआधी ती म्हणायची, घरचं माणूस सोडून बाहेरच्याला यंत्र देता, लोक शेण घालतील तोंडात. लोक घालोत. बनवणारा आणि मोजणारा एकाच ताटात जेवायला लागले की मापाला चव उरत नाही.

कलम ५. हे कलम देण्याघेण्याचं नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सृष्टीने अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून अशी एक पेटी स्वतः बनवली. पुण्याच्या एका कंपनीला ती आवडली. त्यांनी सांगितलं, निवृत्ती पगारे यांच्या वेबसाइटवर हिची मापं येऊ देत, आम्ही मोठी ऑर्डर देतो. पोरगी आनंदाने पेटी घेऊन आली आणि मी ती टेबलावर घ्यायला नकार दिला. तिने पेटी परत पिशवीत घातली, सिंधूच्या हातचा चहा प्यायली आणि गेली.

दत्तू मात्र त्याच संध्याकाळी आला. दत्तूचा साऊंड सर्व्हिसचा धंदा आहे. जयंती, लग्न, हळद, सगळीकडे त्याचे स्पीकर. आवाज छातीत बसला पाहिजे हे त्याचं शास्त्र. आमचं या विषयावर पूर्वीपासून वाकडं. एकदा त्याने अशाच दोन हेडफोनच्या पेट्या आणून एकीचा आवाज लय भारी म्हणून सांगितलं होतं. मी मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला, वर फडकं टाकलं आणि आता ओळख म्हणालो. त्याला ओळखता येईना. जी जरा मोठ्याने वाजते ती कानाला चांगली वाटते, एवढंच होतं ते. मोठमोठ्यांचं तसंच होतं. पण दत्तूने ते मनाला लावून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "दादा, परक्यांच्या पेट्यांना सही देतो आन सख्ख्या पुतणीला देत नाय. खोटं लिही म्हनत नाय मी. खरंच लिही, पन लिही तर."

मी म्हणालो, खरं लिहिलं तरी कोणी खरं मानणार नाही. तो म्हणाला, हे शहाणपण तुझ्यापाशी ठेव. मग त्याने घरी येणं सोडलं. बुद्धपौर्णिमेची खीरसुद्धा सृष्टीच्या हाती पाठवली. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. भाऊ एकच आहे.

सृष्टीने मधल्या काळात पेटी स्वतःच मोजून बघितली आणि घाबरली. मापात एक जाडजूड गुणगुण दिसत होती. तिने सगळं सर्किट उलटंपालटं केलं, भाग बदलले, झोप घालवली, गुणगुण तशीच. एक दिवस रडवेली होऊन सिंधूला सांगत बसली होती. मी पेटी बघितली नाही, हात लावला नाही. जाता जाता एवढंच म्हणालो की लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. घरातल्या विजेची गुणगुण चार्जरच्या वायरीतून मापात शिरते. या धंद्यात प्रत्येकजण एकदा तरी ही चूक करतो आणि निर्दोष पेटीला फासावर चढवतो. चार्जर काढला, गुणगुण गेली. सिंधू म्हणाली, याला मदत म्हणत नाहीत का? मी म्हणालो, याला म्हाताऱ्याची बडबड म्हणतात.

मग मला सुचलं की टेबल राखीला द्यायचंच आहे तर मरेपर्यंत थांबायचं कशाला. मी मागच्या खोलीची किल्ली तिला दिली आणि वेबसाइटवर तसं जाहीर केलं: यापुढे मापं राखी केदारे यांची. सृष्टी माझी पुतणी असल्याचंही तिथेच छापलं. तिची पेटी राखीने मोजली त्या दिवशी मी मुद्दाम भगूरला पाहुण्यांकडे जाऊन बसलो. निकाल मी इतर लोकांबरोबरच वाचला. भर अतिशय कमी, ताकद भरपूर. खाली एक ओळ दोषाची होती: नाजूक इअरफोन लावले तर शांत जागी बारीक सळसळ ऐकू येते.

त्या एका ओळीवरून दत्तू पुन्हा पेटला. पण सृष्टी दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मोठे पप्पा, तुमची सही मिळाली असती ना, तर ती पेटी चांगली झाली म्हणून की मी तुमची पुतणी म्हणून, हे मला कधीच कळलं नसतं. आता कळलं. सळसळ मी काढते." कंपनीनेही दोष दुरुस्त झाल्यावर राखीकडून पुन्हा मोजून आणा, मग ऑर्डर पक्की, असं कळवलं आहे. नवी पेटी तयार होत आली आहे. माझं ऑपरेशन आणि तिचं माप बहुधा एकाच आठवड्यात होईल. मला स्वतःपेक्षा तिच्या निकालाची खात्री जास्त वाटते.

कलम ६. दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढे एक प्लॉट आहे. तो आमच्या वडिलांनी माझ्या नावावर घेतला, कारण तेव्हा पगाराची नोकरी मला एकट्याला होती. मी तो नेहमी आम्हा दोघा भावांचा समजत आलो. मसुद्यात हे कलम असं होतं: सदर प्लॉटचा अर्धा हिस्सा माझा भाऊ दत्तू यास द्यावा. ते आज बदललं, ते कसं हे लिहून ठेवणं जरूर आहे.

आज सकाळी आम्ही सीबीएस बसस्थानकाजवळ वकील तृप्तीताई यांच्या ऑफिसात सह्यांसाठी जमलो. साक्षीदार दोन लागतात. एक आमचे स्नेही मोतीराम फडोळ, मखमलाबादचे फूलवाले, आले होते. दुसरे गृहस्थ तापाने आजारी पडले. दत्तू सृष्टीला स्कूटरवर सोडायला आला होता आणि माझ्याकडे न बघता दाराशी उभा होता. मी तृप्तीताईंना विचारलं, हा माझा भाऊ चालेल का? त्या म्हणाल्या, यांच्या नावे प्लॉट आहे ना, मग नको. आपल्या लोकांना, म्हणजे हिंदू-बौद्धांना, कायदा तसा अडवत नाही, पण उद्या कोणी कोर्टात गेलं तर पहिलं बोट तिथेच ठेवतात.

दत्तू आत आला. त्याने विचारलं, "का बरं? मी काय खोटी सही करनार हाय का?"

तृप्तीताई म्हणाल्या, "काका, तुम्ही खोटे आहात असं कोणी म्हणत नाही. पण ज्याला मिळणार आहे त्याची साक्ष हलकी पडते. तुम्ही कितीही खरे असलात तरी."

दत्तू खुर्चीवर बसला. पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी स्टॅम्पपेपरवरून भांडत होतं. मग तो तृप्तीताईंना म्हणाला, "माझं नाव काढून टाका त्या प्लॉटमधून."

मी म्हणालो, दत्तू, तो बापाचा प्लॉट आहे, तुझा हक्क आहे त्याच्यावर. साक्षीदार दुसरा मिळेल, उद्या येऊ.

"उद्या कशाला," तो म्हणाला. "तुझी सही मागत मी वर्षभर तोंड फिरवून बसलो, दादा. आता माझी घे. पन हलकी नाय देनार."

मला रडू आलं. मोतीरामभाऊंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तृप्तीताईंनी ते पान आमच्यासमोर पुन्हा टाईप केलं.

सबब कलम सहा आता असं: सदर प्लॉट संपूर्णपणे सिंधुबाईचा. तिने पुढे तो कोणाला द्यावा हे मी सांगत नाही, सुचवत नाही, आणि तिनेही मला विचारू नये. ती कोणाला देईल याचा मला अंदाज आहे, पण अंदाज मृत्युपत्रात लिहीत नाहीत.

कलम ७. माझ्या मागे त्रिसरण, पंचशील व्हावं, बाकी अवडंबर नको. दत्तूने स्पीकर लावायचा हट्ट धरला तर लावू द्यावा, पण आवाज शेजाऱ्यांना सोसेल इतकाच. मृत्युपत्राची अंमलबजावणी तृप्तीताई यांनी करावी. ऑपरेशन नीट पार पडलं तर हा कागद कपाटात ठेवावा आणि मला घेऊन सगळ्यांनी मागच्या खोलीत राखीच्या टेबलाशी सृष्टीच्या पेटीचा निकाल बघायला यावं.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: नाशिक
दिनांक: १५ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार: निवृत्ती सावळीराम पगारे (सही)

साक्षीदार १: मोतीराम फडोळ, राहणार मखमलाबाद (सही)

साक्षीदार २: दत्तू सावळीराम पगारे, राहणार जेलरोड, लिहून ठेवणाऱ्याचा सख्खा भाऊ. या मृत्युपत्रात यांच्या नावे काहीही नाही. (सही)